सात जणांना स्क्रिप्ट दिली, सात सल्ले आले

पत्र थोडक्यात असं: कोपरखैरण्यात राहणारी, मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी कॉलेजसाठी शॉर्ट फिल्म करते आहे. मर्यादा १२ मिनिटांची. गोष्ट कांदा-बटाटा मार्केटमधल्या आप्पा नावाच्या एका माथाडी कामगाराची, निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवसाची. तिचे स्वतःचे वडीलही माथाडी आहेत. स्क्रिप्ट २२ पानांची झाली. ती तिने सात जणांना व्हॉट्सॲपवर पाठवली. तिघांनी ‘मस्त’ म्हणून अंगठा दाखवला. सर म्हणाले, यात संघर्षच नाही. एकांकिका करणारा मित्र म्हणाला, शेवटी आप्पा मरायला हवेत. मैत्रीण म्हणाली, फ्लॅशबॅक वाढव. आई म्हणाली, आपल्यात असं कोणी बोलत नाही. एकेकाचं ऐकत तिने चार ड्राफ्ट केले, आणि आता तिला वाटतं की ही तिची गोष्टच उरलेली नाही. शूटिंगला २४ दिवस आहेत. तिचे प्रश्न दोन: कोणाचं ऐकू? आणि इतक्या जणांकडे स्क्रिप्ट गेली आहे, कोणी उचलली तर?

तुझं पत्र वाचलं, सोबतचा चौथा ड्राफ्टही वाचला. गोष्ट चांगली आहे. निवृत्त झालेला माणूस सवयीने पहाटे उठतो, मार्केटच्या गेटपर्यंत जातो आणि आत न जाता समोरच्या चहाच्या टपरीवर बसून आपल्या टोळीला गोण्या उतरवताना बघत राहतो, एवढंच तुला सांगायचं आहे. ते १२ मिनिटांत मावतं. चार ड्राफ्टमध्ये ते झाकलं गेलंय, पण गेलेलं नाही.

‘कोणाचं ऐकू’ या तुझ्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे: सातांपैकी एकाचं बरोबर असणार आणि बाकीच्यांचं चूक. फीडबॅक तसा चालत नाही. वाचणारा दोन गोष्टी एकदम सांगत असतो. एक, तो कुठे अडला. दुसरी, तुझ्या जागी तो असता तर त्याने काय केलं असतं. पहिली जवळजवळ नेहमी खरी असते, कारण अडला तो स्वतः. त्यात वाद घालायला जागा नाही. दुसरी बहुतेक वेळा त्याच्या आवडीची असते, आणि त्याच्या आवडीचा सिनेमा तुला करायचा नाहीये. तू चारही वेळा दुसरी गोष्ट उचललीस आणि पहिली तशीच ठेवलीस.

आता तुझ्याच नोंदी या नजरेने बघू. ‘शेवटी आप्पा मरायला हवेत’ हा उपाय झाला. त्यामागचं दुखणं असं की शेवट येऊन गेला आणि मित्राला काहीच वाटलं नाही. ‘संघर्ष नाही’ हे सरांचं निदान आहे, पण त्यांना नेमकं काय दिसलं नाही? बहुधा हे, की आप्पांना आज सकाळी काय हवंय तेच पानावर नाही. मैत्रिणीने फ्लॅशबॅक मागितला, कारण मार्केटशी आप्पांचं नातं तिला जाणवलं नाही. तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलताहेत असं वाटतं, पण तिघांचं बोट एकाच जागेवर आहे: आप्पा गेटवर का थांबतात, हे कोणालाच कळलेलं नाही.

ते का कळलं नाही, याचं उत्तर शेवटच्या दृश्यात शोधू नकोस. आप्पांनी आपला हूक टोळीतल्या नव्या पोराला देऊन टाकलाय, ही या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची घटना आहे. आणि ती तुझ्या स्क्रिप्टमध्ये कुठे आहे? सातव्या दृश्यात, मुलगी शेजारणीशी बोलताना एका वाक्यात सांगून टाकते तिथे. ज्याने गोणीला हूक लावून आयुष्य काढलं, त्याच्या हातातून हूक गेल्यावर तो आत जाणार कशाला? पण हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. स्क्रिप्टमध्ये दुखतं एकीकडे आणि कारण असतं बरंच आधी. ‘शेवट पटत नाही’ असं तिघांनी सांगितलं की शेवट बदलायच्या आधी पहिली दोन दृश्यं उघडायची.

तुझं दुसरं दृश्य इथे देते आहे, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. चौथ्या ड्राफ्टमध्ये ते असं आहे:

आप्पा खाटेवर बसले आहेत. तीस वर्षं ज्या बाजाराने जगवलं तो आजपासून परका झाल्याची जाणीव त्यांना आतून पोखरते आहे.
मुलगी: आप्पा, आजपासून आराम करा. तीस वर्षं आमच्यासाठी गोण्या वाहिल्यात तुम्ही.
आप्पा: बाळा, माणूस कामातून निवृत्त होतो, पण काम माणसातून निवृत्त होत नाही.

वाक्य रंगमंचावर टाळी घेईल. ठाण्या-मुंबईच्या कॉलेजांमध्ये लिहायला शिकलेल्या मुलांचा हात एकांकिकेवर बसलेला असतो, आणि तिथे हे गरजेचंही असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला आप्पांचे डोळे दिसत नाहीत, म्हणून शब्दांनी पोचवावं लागतं. कॅमेरा मात्र एका हाताच्या अंतरावर उभा असतो. ‘जाणीव पोखरते आहे’ हे नटाने कसं करायचं आणि कॅमेऱ्याने काय टिपायचं? शिवाय मुलगी वडिलांना त्यांचीच तीस वर्षं सांगते आहे, जी दोघांनाही माहीत आहेत. ती खरं तर प्रेक्षकाला सांगते आहे, आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. तुझ्या आईला नेमकं हेच खटकलं.

तेच दृश्य असंही लिहिता येईल:

दृश्य २. आत. माथाडी वसाहतीतलं घर. पहाट.
अंधार. गजर वाजायच्या आत आप्पांचा हात मोबाइलवर जातो. स्क्रीनवर ३:२५. ते गजर बंद करतात. उठतात. दारामागच्या खिळ्याकडे हात जातो. खिळा रिकामा. हात तिथेच थांबतो.
मुलगी (झोपेत): आप्पा?
आप्पा: झोप तू. पाणी भरतो.
मोरीत येतात. बादली नळाखाली ठेवतात, नळ फिरवतात. नळाला अजून पाणी आलेलं नाही. ते बादलीशेजारी उभे राहतात.

हे जसंच्या तसं घेऊ नकोस, तुझ्या घरातली मोरी तुला माहीत आहे. पण काय बदललं ते बघ. संवाद दोनच, आणि त्यातला एक खोटा आहे: आप्पांना पाणी भरायचं नाहीये. माणूस बोलतो एक आणि करतो दुसरं, तेव्हा प्रेक्षक आपण होऊन पुढे सरकतो. सर ज्याला संघर्ष म्हणतात तो इथे सुरू झाला, आवाज न चढवता. अट एकच, पहिल्या दृश्यात आप्पा हूक दुसऱ्याच्या हातात देताना दिसायला हवेत. तरच रिकामा खिळा बोलेल.

आता पानांचा हिशेब. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण तो अंदाज इंग्रजी स्क्रिप्टच्या ठरलेल्या मांडणीचा आहे: कुरियर टाइप, १२ पॉइंट, डावीकडे दीड इंच समास, संवाद मधोमध अरुंद पट्ट्यात. तू देवनागरीत ११ पॉइंटमध्ये, कडेपासून कडेपर्यंत लिहिलं आहेस. तुझी २२ पानं म्हणजे किती मिनिटं, हे पानं मोजून कळणारच नाही. स्टॉपवॉच लाव. संवाद मोठ्याने, नेहमीच्या वेगाने वाच. कृती मात्र वाचायची नाही, करायची. उठून दारापर्यंत जा, खिळ्याकडे हात ने, थांब, मोरीत जा, बादली ठेव. वरचं दृश्य पानावर सहा-सात ओळींचं आहे, पण करून बघितलंस तर मिनिटाच्या आसपास जाईल. प्रत्येक दृश्याचे सेकंद समासात लिही आणि बेरीज कर. टायटल्स आणि श्रेयनामावली १२ मिनिटांत धरायची की वेगळी, हे कॉलेजला आजच विचार. त्यात सहज एक मिनिट जातं. म्हणून स्क्रिप्टची बेरीज साडेदहाच्या आत असू दे.

बेरीज जास्त आली की विद्यार्थी प्रत्येक दृश्यातून दोन-दोन ओळी काढायला लागतात. तसं करू नकोस. सगळीच दृश्यं अंग चोरून बसल्यासारखी होतात. अख्खी दृश्यं काढ. तुझ्याकडे १४ दृश्यं आणि ९ लोकेशन्स आहेत. प्रत्येक दृश्य एका कार्डावर लिही, जमिनीवर मांड, एकेक कार्ड उचल आणि विचार: हे नसलं तर पुढचं कोणतं दृश्य कळणार नाही? उत्तर ‘कुठलंच नाही’ असं आलं तर कार्ड परत ठेवायचं नाही. माझ्या मते शेजारीण, बँकेतलं दृश्य आणि दोन्ही फ्लॅशबॅक जातील. फ्लॅशबॅकसाठी तुला तरुण आप्पा शोधावे लागतील, जुने कपडे लागतील, आणि एवढं करून हाती येईल ते रिकाम्या खिळ्याने आधीच सांगितलेलं असेल.

लोकेशनचा विचार शूटिंगच्या वेळचा आहे असं समजू नकोस, तो लिहिण्यातलाच आहे. तुझं पाचवं दृश्य वाशी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर घडतं. रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला रेल्वेची परवानगी आणि शुल्क लागतं. ‘मोबाइलवर पटकन घेऊ’ म्हणून गेलेल्या मुलांना सुरक्षा दलाचा जवान हटकतो, आणि त्या दिवसाचं वेळापत्रक तिथेच कोलमडतं. ते दृश्य शेअर रिक्षाच्या रांगेत घडलं तर गोष्टीचं काही बिघडत नाही. मार्केटच्या आत शूट करायला बाजार समितीची परवानगी घ्यावी लागेल. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, तारीख, वेळ, माणसं आणि सामान लिहून, आणि आजच दे. ती आली नाही तर? सुदैवाने तुझे आप्पा आत जातच नाहीत. शेवट टपरीवरून, रस्त्यापलीकडून दिसेल असा लिहून ठेव, टपरीवाल्याला आधी विचारून. आणि तिथे पहाटे ट्रक, हॉर्न, हाकारे यांचा आवाज इतका असतो की संवाद नीट रेकॉर्ड होणार नाहीत, भाड्याचा माइक कितीही चांगला असला तरी. त्या दृश्यात संवाद ठेवूच नकोस. आवाज वेगळा पाचेक मिनिटं रेकॉर्ड करून आण, एडिटमध्ये लागेल.

अनुभवी युनिटही दिवसाला साधारण तीन ते पाच पानं उरकतं. सहा मित्रांचं युनिट आणि दोन दिवस, एवढाच हिशेब असेल तर दहा पानांची स्क्रिप्टही भरपूर झाली.

आता मूळ मुद्द्याकडे, फीडबॅक घ्यायचा कसा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून ‘कशी वाटली सांग ना’ म्हटलं की ‘मस्त’ हेच येणार. समोरचा ट्रेनमध्ये उभा असतो, २२ पानं पाच इंचांच्या स्क्रीनवर सरकवतो, आणि तुला वाईट वाटू नये एवढंच बघतो. त्याची चूक नाही. त्याच्याकडून काय हवंय हे तू सांगितलंच नव्हतंस. (टाइप युनिकोडमध्येच कर, आणि तसं आधीच करत असशील तर हे सोडून दे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो आणि वाचणारा ते सांगतही नाही.)

त्याऐवजी वाचन ठेव. एकांकिकेचं वाचन तुला माहीत आहेच, फक्त नियम थोडे वेगळे. चार-पाच जण पुरे, त्यात निदान दोघांनी आधीचा एकही ड्राफ्ट वाचलेला नसावा. तू वाचायचं नाहीस. तू वाचलंस तर पानावर नसलेले भाव तुझ्या आवाजातून येतील आणि स्क्रिप्ट आहे त्याहून चांगली वाटेल. संवाद दोघांनी वाचावेत, कृती तिसऱ्याने, सपाट आवाजात. तू कोपऱ्यात वही घेऊन बस आणि समासात खुणा कर: कोण कुठे हललं, कोणी फोन पाहिला, वाचणाऱ्याची जीभ कुठे अडखळली. जीभ अडखळते ते वाक्य बोलायचं नसतं, लिहायचं असतं, ते बदल.

वाचन झाल्यावर ‘आवडली का’ विचारू नकोस. हे विचार: गोष्ट दोन वाक्यांत सांगा. आप्पांना काय हवं होतं? कुठे मन भरकटलं? शेवटी नेमकं काय झालं? कुठलं वाक्य खोटं वाटलं? उत्तरं आली की गप्प बसायचं. हा भाग सगळ्यात अवघड आहे. ‘अगं नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं की...’ हे तोंडावर येईल. येऊ देऊ नकोस. तू समजावलंस की समोरचा ‘हां, मग ठीक आहे’ म्हणतो आणि खरी नोंद गिळून टाकतो. फिल्म दाखवताना तू पडद्याशेजारी उभी राहून समजावणार नाहीस.

घरी आल्यावर लगेच लिहायला बसू नकोस, एक रात्र जाऊ दे. मग वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: काय म्हणाले, कुठल्या दृश्याबद्दल, आणि त्यामागे काय अडलं असेल. पाचांपैकी तिघं एकाच जागी अडले असतील तर तिथे काम करायचंच, त्यांनी सुचवलेले उपाय एकमेकांच्या उलटे असले तरी. एकटाच अडला असेल तर ते तुझ्या पोटात आधीपासून खुपत होतं का बघ. खुपत असेल तर बदल, नसेल तर सोड. सगळ्या नोंदी अमलात आणायला तू बांधील नाहीस. सरांच्याही नाही. पण सरांकडे पुन्हा जा आणि ‘संघर्ष कसा आणू’ असं विचारण्याऐवजी ‘कोणत्या दृश्यात तुम्हाला वाटलं की आता काही पणाला लागलेलं नाही’ असं विचार. ते बोट ठेवून पान दाखवतील, आणि ते तुला जास्त उपयोगी पडेल.

जुना प्रत्येक ड्राफ्ट वेगळ्या फाइलमध्ये, नावात तारीख घालून ठेव. तुझा पहिला ड्राफ्ट अजून असेल तर आज तो उघड. चार वेळा बदललेल्या गोष्टीचा धागा पुष्कळदा तिथेच सापडतो.

तुझ्या सात वाचकांच्या यादीत मला एक माणूस दिसला नाही. तुझे वडील. जाणकार म्हणून तू सर निवडलेस, नाटकवाला मित्र निवडलास, आणि ज्याच्या कामावर फिल्म आहे त्याला पान दाखवलं नाहीस. संकोच असेल, समजू शकते. त्यांच्या हातात स्क्रिप्ट देऊही नकोस. रात्री जेवताना एवढंच विचार: टोळीतला माणूस रिटायर होतो तेव्हा त्याच्या हुकाचं काय होतं? त्या दिवशी मुकादम काय बोलतो? दुसऱ्या दिवशी त्याची जागा कोण घेतं? आणि ते कसं सांगतात ते ऐक, शब्द टिपून घे. वसाहतीत सातारा-सांगलीकडची बोली घराघरांत आहे आणि तुझे आप्पा पुस्तकी मराठी बोलतात; आईने तेच सांगितलं होतं. तिने तुला जे दिलं ते बाकी सहा जणांकडे नव्हतं.

चोरीच्या भीतीबद्दल थोडक्यात. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. निवृत्त माथाडीवर कोणीही फिल्म करू शकतो. पण तू लिहिलेली दृश्यं, संवाद, मांडणी यांवर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून तुझा हक्क आहे, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून तारखेचे ड्राफ्ट आणि स्वतःला केलेले ईमेल ठेव. पुढे व्यावसायिक काम करायला लागलीस की मुंबईतली स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या स्क्रिप्टची नोंदणी करून देते, ते बघ. आत्ता या भीतीपोटी वाचन टाळलंस तर नुकसान तुझंच. शेअर करायची फाइल फक्त बघता येईल, बदलता येणार नाही अशी ठेव म्हणजे झालं.

दिवस २४ आहेत. पहिले तीन दिवस स्क्रिप्टला हातच लावू नकोस, फक्त वडिलांशी बोल आणि अर्ज दे. पुढचे पाच दिवस कार्डं आणि नवा ड्राफ्ट. नवव्या दिवशी वाचन, मग चार दिवस दुरुस्ती. चौदाव्या दिवशी स्क्रिप्ट बंद. त्यानंतर नटाच्या तोंडात बसत नाही म्हणून एखादा शब्द बदलेल, दृश्य बदलायचं नाही. कारण तेव्हापासून तुझा कॅमेरावाला त्या पानांवरून शॉट लावणार आहे आणि रोज बदलणाऱ्या कागदावर कोणालाच तयारी करता येत नाही. चौदाव्या दिवसानंतर कोणी कितीही चांगली सूचना केली तरी वहीत लिहून ठेव, पुढच्या फिल्मला.

वाचन शनिवारी संध्याकाळी ठेवता आलं तर बघ. रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक लागला की ठाण्याकडून येणारे दोघं फोनवर ‘तूच पाठव ना, वाचतो’ म्हणतील, आणि पुन्हा अंगठे येतील.